तुझ्या कवितेत ते मजूर कुठे आहेत? कॅनडाची आधुनिक कविता, सोप्या भाषेत

लिओनार्ड कोहेन म्हटलं की गाणी आठवतात, मार्गारेट ॲटवुड म्हटलं की कादंबऱ्या आणि मायकेल ओंडात्जे म्हटलं की ‘द इंग्लिश पेशंट’. तिघंही कॅनडाचे, आणि तिघंही आधी कवी. कोहेनचा पहिला कवितासंग्रह १९५६ साली आला, पहिली रेकॉर्ड १९६७ साली. गव्हर्नर जनरल पुरस्कार हा तिथला एक जुना आणि मानाचा साहित्य पुरस्कार. ॲटवुडना तो पहिल्यांदा मिळाला तो १९६६ च्या ‘द सर्कल गेम’ या कवितासंग्रहासाठी. तरी कॅनडाची कविता म्हटलं की चांगल्या वाचकांसमोरही पाटी कोरी राहते.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅनडाला एक्कावन्नावं राज्य करायची भाषा बोलू लागले, तेव्हा ‘आम्ही अमेरिकनांपेक्षा वेगळे ते नेमके कशात?’ हा प्रश्न तिकडे घरोघरी चर्चेला आला. तिथल्या कवींनी तो शंभर वर्षं लावून धरला आहे. माझ्या वाचनात या कवितेचा सगळा प्रवास एका भांडणातून पुढे गेलेला दिसतो. एक पिढी देशाचं चित्र काढते आणि पुढची पिढी विचारते, यातून कोण गळलं?

आधी थोडी पार्श्वभूमी

कॅनडा हे संघराज्य १८६७ साली झालं. इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन वसाहतींचे वारस त्यात एकत्र आले. ज्यांच्या जमिनीवर हे सगळं घडलं त्या मूलनिवासींना कुणी विचारलं नाही.

नव्या देशाला आपले कवी हवे होते आणि ते मिळालेही. चार्ल्स रॉबर्ट्स, ब्लिस कार्मन, आर्चिबाल्ड लॅम्पमन आणि डंकन कॅम्पबेल स्कॉट हे चौघे १८६० ते १८६२ या तीन वर्षांत जन्मले. त्यांची वृत्तं आणि भाषा इंग्लंडची, विषय मात्र घरचे: मेपलची झाडं, खाडीतली भरती-ओहोटी, बर्फ. लॅम्पमन ओटावात टपाल खात्यात कारकुनी करत आणि सुट्टीत रानात भटकत. त्यांच्या निसर्गकविता आजही ताज्या वाटतात. चौघांतले शेवटचे डंकन स्कॉट यांच्याकडे पुन्हा यावं लागेल, कारण तिथे प्रकरण गंभीर आहे.

मॉडर्निझम म्हणजे काय, आणि तो कॅनडात कसा शिरला?

पहिल्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतल्या कवींना जुनी गोड, लयबद्ध, उपदेशपर कविता खोटी वाटू लागली. त्यांनी बोलीच्या जवळची भाषा घेतली, यमकाची सक्ती सोडली, शहर आणि यंत्र कवितेत आणलं. या वळणाला मॉडर्निझम म्हणतात. मराठीत मर्ढेकरांनी जे केलं त्यामागे टी. एस. एलियटचं वाचन होतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या पोरांनीही तोच एलियट वाचला होता.

१९२५ साली या पोरांनी ‘मॅकगिल फोर्टनाइटली रिव्ह्यू’ काढलं. त्यात पुढे होते ए. जे. एम. स्मिथ आणि एफ. आर. स्कॉट. (डंकन स्कॉट आणि हे स्कॉट, आडनाव एकच, नातं नाही.) एफ. आर. स्कॉट यांनी लेखकांच्या संमेलनावर एक चावरी कविता लिहिली. प्रिन्स ऑफ वेल्सची तसबीर, तिच्याखाली चहा आणि केक, आणि त्या भोवती एकमेकांना शाबासकी देणारी हौशी साहित्यिक मंडळी. सबंध जुन्या कवितेचा हिशेब त्यांनी एका चहापानात चुकता केला.

१९३६ साली स्मिथ, स्कॉट, ए. एम. क्लाइन यांच्यासह सहा कवींचं ‘न्यू प्रॉव्हिन्सेस’ हे पुस्तक आलं. पुढे १९४२ मध्ये मॉन्ट्रियललाच ‘प्रिव्ह्यू’ आणि ‘फर्स्ट स्टेटमेंट’ ही दोन छोटी नियतकालिकं निघाली. पहिलं इंग्लंडकडे तोंड करून बसलेलं, दुसरं रस्त्यावरची रांगडी भाषा मागणारं. आयर्व्हिंग लेटन आणि लुई ड्युडेक या दुसऱ्या बाजूचे. ड्युडेक पुढे मॅकगिलमध्ये शिकवू लागले आणि विद्यार्थ्यांच्या कविता छापण्याची मालिका त्यांनी सुरू केली. त्या मालिकेतलं पहिलं पुस्तक म्हणजे कोहेनचा तो १९५६ चा संग्रह.

क्लाइनबद्दल थांबून सांगायला हवं. ज्यू घरातला, पेशाने वकील, इंग्रजीत लिहिणारा हा कवी. त्याने १९४८ च्या ‘द रॉकिंग चेअर’मध्ये फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताच्या घरांवर, खुर्च्यांवर, धान्याच्या कोठारांवर कविता लिहिल्या. स्वतः अल्पसंख्य असलेल्या माणसाला दुसऱ्या अल्पसंख्यांचं जगणं किती आतून दिसू शकतं हे त्या कवितांत कळतं.

रेल्वेची कविता आणि तिला आलेलं उत्तर

कॅनडाच्या राष्ट्रकथेत रेल्वेचं स्थान फार मोठं आहे. अटलांटिकच्या बाजूचे प्रांत आणि पॅसिफिककडचा ब्रिटिश कोलंबिया यांना जोडणारा मार्ग झाला नसता, तर पश्चिमेकडचा भाग अमेरिकेने गिळला असता अशी भीती होती. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाकी इथे कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला. त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध छायाचित्रात कोट-टोप्या घातलेले दाढीवाले साहेब दिसतात.

१९५२ साली ई. जे. प्रॅट यांनी या रेल्वेवर ‘टुवर्ड्स द लास्ट स्पाइक’ ही दीर्घकविता लिहिली. प्रॅट न्यू फाउंडलंडचे, टोरोंटोत प्राध्यापक, मित्रांमध्ये ‘नेड’. कविता दांडगी आहे. उत्तरेचा प्राचीन खडक त्यांनी झोपलेल्या प्रचंड सरड्यासारखा रंगवला आहे आणि सुरुंगाने त्याची झोपमोड होते. ओटमीलवर पोसलेल्या चिवट स्कॉटिश मंडळींचं त्यात भरभरून कौतुक आहे. पुस्तकाला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला.

काही वर्षांनी एफ. आर. स्कॉट यांनी एक अगदी छोटी कविता लिहून उत्तर दिलं. शीर्षकाचा आशय असा की शेवटचा खिळा सोडून बाकीच्या सगळ्या खिळ्यांचं काय? आणि थेट सवाल: नेड, तुझ्या कवितेत ते कुली कुठे आहेत? कडाक्याच्या थंडीत डोंगर फोडणारे चीनमधून आलेले हजारो मजूर कुठे आहेत?

सवाल हवेतला नव्हता. ब्रिटिश कोलंबियातला सर्वांत धोक्याचा टप्पा बांधायला सुमारे १५,००० चिनी मजूर आणले गेले होते. गोऱ्या मजुरांपेक्षा कमी पगार, आणि सुरुंगाचं काम त्यांच्या माथी. कितीतरी जण त्यात मेले. रेल्वे पूर्ण झाली त्याच वर्षी, १८८५ मध्ये, सरकारने चीनहून येणाऱ्या माणसांवर ५० डॉलरची डोईपट्टी बसवली. १९०३ पर्यंत ती ५०० डॉलर झाली आणि १९२३ मध्ये तर येणंच जवळजवळ बंद करून टाकलं. रेल्वे कंपनीला मात्र अडीच कोटी एकर जमीन मिळाली होती. त्यातला एक एकर तरी या मजुरांना मिळाला का, असंही स्कॉट त्या छोट्या कवितेत विचारतात.

स्कॉट कायद्याचे प्राध्यापक होते, त्यामुळे त्यांची कविता साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्यासारखी चालते. अलंकार नाहीत, फक्त प्रश्न. प्रॅट यांची कविता कलाकृती म्हणून मोठी, यात मला शंका नाही. पण ती वाचताना आता स्कॉट यांचा प्रश्न कानात वाजत राहतो आणि तो बाजूला ठेवता येत नाही.

‘इथे’ म्हणजे कुठे?

१९६५ साली समीक्षक नॉर्थ्रॉप फ्राय यांनी म्हटलं की कॅनडाच्या माणसाला ‘मी कोण?’ यापेक्षा ‘इथे म्हणजे कुठे?’ हा प्रश्न जास्त छळतो. त्यांनी एक कल्पनाही मांडली. तिला आपण ‘शिबंदीची मनोवृत्ती’ म्हणू. गडाची कल्पना करा. दिवेलागणीला दरवाजे बंद झाले की आत पहारे, शिस्त, एकमेकांवर नजर. बाहेर अफाट रान. आतल्या माणसाला खरी धास्ती रानाची नसते. आपण वेगळा विचार केला तर आतलेच आपल्याला वाळीत टाकतील, ही असते. सुरुवातीचं कॅनेडियन साहित्य असं तटबंदीच्या आत लिहिलं गेलं, असं फ्राय यांचं म्हणणं.

ॲटवुड फ्राय यांच्या विद्यार्थिनी. १९७० च्या ‘द जर्नल्स ऑफ सुझॅना मूडी’मध्ये त्यांनी १८३२ साली इंग्लंडहून आलेल्या एका खऱ्या बाईचा आवाज उचलला. मूडीबाई जंगलाला घाबरतात, मुलं गमावतात, म्हाताऱ्या होऊन मरतात. पण कविता तिथे थांबत नाही. शेवटी त्या विसाव्या शतकातल्या टोरोंटोत, डिसेंबरच्या थंडीत, बसमध्ये बसलेल्या एका म्हातारीच्या रूपाने येतात आणि या काँक्रीटखाली अजून जंगलच आहे असं सुचवतात. जिने जमिनीला परकं मानलं तीच मरून त्या जमिनीची झाली. इतक्या थोड्या पानांत इतका मोठा उलटफेर क्वचितच वाचायला मिळतो.

अल पर्डी यांची तऱ्हा निराळी. शाळा अर्धवट सोडलेली, मंदीच्या काळात मालगाड्यांवर चढून देश पालथा घातलेला, गाद्यांच्या कारखान्यात राबलेला माणूस. १९५७ साली त्यांनी आणि पत्नी युरिथी यांनी जुनं लाकूड गोळा करून अमेलियसबर्ग इथे तळ्याकाठी घर उभारलं. पुढे ते घर कवींचा अड्डाच झालं. बेलव्हिलच्या उत्तरेकडच्या मुलखावरच्या कवितेत त्यांनी दगडांशी झुंजून हरलेल्या शेतकऱ्यांची ओसाड पडलेली शेतं दाखवली. तिथे परत जायचं तर आता परक्यांना वाट विचारावी लागेल, असं ते शेवटी कबूल करतात. पर्डींची ओळ बोलता बोलता मध्येच वळते, स्वतःलाच दुरुस्त करते. लिहिणारा माणूस शेजारी बसून बोलतोय असं वाटतं.

पण ते रान रिकामं होतं का?

फ्राय यांच्या मांडणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच. गडाबाहेर नुसतं रान नव्हतं, माणसं होती, त्यांच्या भाषा आणि गाणी होती.

डंकन कॅम्पबेल स्कॉट यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण ती त्यांची नोकरीच होती. १९१३ ते १९३२ ते मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. खात्याचेच मुख्य वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्येच लिहून दिलं होतं की मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांत क्षयाने मुलं भयानक प्रमाणात मरत आहेत. तरीही १९२० मध्ये स्कॉट यांनी शाळेची सक्ती करणारी तरतूद आणली. या शाळांचा हेतू मुलांना आईबापांपासून, भाषेपासून तोडण्याचा होता. सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. हेच स्कॉट कवितेत मूलनिवासी आईचं हळवं चित्र काढतात आणि तिच्या कडेवरच्या बाळात तिच्या वंशाचा अंत पाहतात. सकाळी कार्यालयात ज्याची तजवीज करायची, त्याचाच संध्याकाळी शोक करायचा. या कविता चांगल्या घडवलेल्या आहेत, हेच अस्वस्थ करतं.

त्याच पिढीत पॉलिन जॉन्सन होती. वडील मोहॉक या मूलनिवासी समाजाचे प्रमुख, आई इंग्लिश, जन्म १८६१ चा. ती देशभर कार्यक्रम करत फिरली. पूर्वार्धात कातडी पोशाखात, मध्यंतरानंतर युरोपीय गाउनमध्ये. प्रेक्षकांना कोणती पॉलिन खरी ते ठरवता येऊ नये, अशीच ती मांडणी होती. कित्येक समीक्षकांनी तिला पुढे लोकरंजन म्हणून बाजूला ठेवलं. आज तिच्याकडे नव्याने पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे.

आणि रिटा जो. नोव्हा स्कोशियातल्या मिग्मॉ समाजाची, शुबेनॅकडीच्या निवासी शाळेत वाढलेली. ‘आय लॉस्ट माय टॉक’ ही तिची कविता पाठ्यपुस्तकातल्या धड्याइतकी साधी आहे. तुम्ही माझी बोली काढून घेतलीत. आता मी तुमच्यासारखी बोलते, तुमच्यासारखा विचार करते. मग ती हात पुढे करते आणि म्हणते, मला माझी बोली शोधू द्या, म्हणजे मी कोण ते तुम्हाला शिकवता येईल. वरच्या दोन परिच्छेदांतला सगळा इतिहास त्या ‘शिकवता येईल’मध्ये उलटा फिरतो. ज्यांना शिकवायच्या नावाखाली मोडलं, ती आता शिकवायला उभी आहे.

त्यापुढची पिढी आणखी धीट आहे. निस्गा या मूलनिवासी समाजातले कवी जॉर्डन एबल यांनी ९१ जुन्या ‘वेस्टर्न’ कादंबऱ्या संगणकावर एकत्र केल्या, मूलनिवासींसाठीचा एक हिणकस शब्द त्यांत शोधला आणि सापडलेल्या वाक्यांची कापाकापी करून त्याच शब्दाच्या नावाचा ‘इंजन’ हा संग्रह उभा केला. २०१७ साली त्याला कवितेसाठीचा ग्रिफिन पुरस्कार मिळाला.

क्वेबेकची कविता वेगळी का समजून घ्यावी लागते?

कारण तिथे भाषा हाच लढा होता. मॉन्ट्रियलमध्ये बहुसंख्य फ्रेंच बोलत, पण कारखान्याचा मालक इंग्रजी बोले. १९५३ साली गॅस्तों मिरों आणि मित्रांनी ‘लेग्झागॉन’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि फ्रेंच कवितेला स्वतःचं घर मिळालं. २७ मार्च १९७० च्या ‘कवितेची रात्र’ या कार्यक्रमात मिशेल लालोंद यांनी ‘स्पीक व्हाइट’ सादर केली. फ्रेंच बोलणाऱ्याच्या तोंडावर ‘गोऱ्यांची भाषा बोल’ म्हणून फेकली जाणारी ती शिवी. लालोंद यांनी तिचंच शीर्षक केलं आणि कामगारांची बाजू जगभरच्या दडपलेल्यांशी जोडली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्वेबेक वेगळा करू पाहणाऱ्या फुटीरतावाद्यांनी अपहरणं केली, सरकारने युद्धकाळातला कायदा लावला आणि शेकडो लोकांना आत टाकलं. त्यांत मिरों होते. एफ. आर. स्कॉट यांनी मात्र या कायद्याला पाठिंबा दिला. चिनी मजुरांसाठी सवाल करणारे, आन एबेर आणि सें-दनी गार्नो यांच्या फ्रेंच कविता मनापासून इंग्रजीत आणणारे हेच स्कॉट. क्वेबेकमधल्या अनेकांना हे जिव्हारी लागलं. मलाही ते खटकतं.

बाहेरून आलेल्यांची कविता ‘कॅनेडियन’ कशी?

हा आक्षेप वारंवार येतो. पण मूलनिवासी सोडले तर तिथे सगळेच बाहेरून आले. लेटन रोमानियात जन्मले, ओंडात्जे कोलंबोत. त्रिनिदादहून आलेल्या डिऑन ब्रँड तर ‘पाय टेकायला हक्काची जमीन’ ही इच्छाच सोडून दिल्याचं कवितेत सांगतात. देशप्रेमाच्या नेहमीच्या कवितेला यापेक्षा सडेतोड उत्तर मी वाचलेलं नाही.

एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. १९४१ साली मुंबईत जन्मलेल्या सुनीती नामजोशी यांनी मॅकगिलमध्ये अमेरिकन कवी एझरा पाउंडवर पीएच.डी. केली आणि टोरोंटो विद्यापीठात शिकवलं. आई सरोजिनी नामजोशींबरोबर त्यांनी गोविंदाग्रजांच्या कविता इंग्रजीत नेल्या. पुढे पंचतंत्र आणि इसापच्या गोष्टी उलटसुलट करून त्यांनी स्त्रीवादी बोधकथा लिहिल्या. मराठी वाचकाने त्यांना इतकं कमी ओळखावं, याचं वाईट वाटतं.

सर्वांत थरारक प्रयोग एम. नूर्बेसी फिलिप यांचा. १७८१ साली ‘झाँग’ या गुलामवाहू जहाजावरून १३० हून अधिक आफ्रिकन माणसं समुद्रात फेकली गेली आणि जहाजमालकांनी ‘मालाचा’ विमा मागितला. खटल्याचा जेमतेम दोन पानी वृत्तांत उरला आहे. पूर्वी वकिली करणाऱ्या फिलिप यांनी २००८ च्या ‘झाँग!’मध्ये फक्त त्याच वृत्तांतातले शब्द वापरायचे असं बंधन घालून घेतलं. शब्द फोडले, अक्षरं सुटी केली, पानभर विखुरली.

ही कविता आहे की राजकारण?

दोन्ही, आणि ‘झाँग!’ वाचल्यावर ही विभागणी टिकत नाही. तिथे रचनाच साक्ष देते. शिवाय सगळेच देशाविषयी लिहीत नाहीत. ग्रीक भाषेच्या अभ्यासक ॲन कार्सन यांचं २०१० चं ‘नॉक्स’ म्हणजे एका पेटीत घडी घालून ठेवलेला लांबच लांब कागद. भाऊ गेल्यावर त्याच्यासाठी केलेली वही: एका लॅटिन शोककवितेचे शब्दार्थ, फोटोचे तुकडे, जुनी पत्रं. त्यात कॅनडा शोधत बसू नये.

सरकारी पैशावर पोसलेली कविता, असाही टोमणा असतो. १९५७ साली स्थापन झालेल्या कॅनडा कौन्सिलचा निधी दोन धनाढ्य उद्योगपतींच्या वारसाकरातून उभा राहिला. त्या अनुदानांवर छोटे प्रकाशक तगले. पण दुसरा रस्ताही आहे. पंजाबात जन्मून ब्रॅम्प्टनला वाढलेल्या रुपी कौर यांनी २०१४ साली ‘मिल्क अँड हनी’ स्वतःच छापलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. मला त्या कविता पातळ वाटतात. मात्र कधीच कविता न वाचणाऱ्या मुली पुस्तकाच्या दुकानात गेल्या, हे श्रेय त्यांचंच.

कुठून सुरुवात करावी?

रिटा जो यांच्या त्या कवितेपासून. दोन मिनिटांत वाचून होते. मग पर्डी, मग ॲटवुडची मूडीबाई. प्रॅट आणि एफ. आर. स्कॉट एकाच बैठकीत वाचावेत, आधी मोठी कविता, मग छोटी. क्वेबेकसाठी १९७० च्या त्या रात्रीचं चित्रीकरण बघा. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने ते केलं होतं. फ्रेंच येत नसली तरी आधी लालोंद यांचा आवाज ऐका, भाषांतर नंतर शोधा.